युद्धानंतरची शुश्रूषा

तोफांचा गडगडाट थांबला, म्हणजे युद्ध संपले असे आपण समजतो. परंतु काही माणसांच्या शरीरात ते पुढे कित्येक वर्षे चालूच राहते. इराणच्या वायव्य भागातील सरदश्त या डोंगराळ गावाची हकिकत या गोष्टीची साक्ष देते.

इराण व इराक या देशांत १९८० ते १९८८ या काळात घनघोर युद्ध झाले. २८ जून १९८७ रोजी इराकी विमानांनी सरदश्तवर ‘मस्टर्ड’ या विषारी द्रव्याचे बाँब टाकले. शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली व हजारोंना विषबाधा झाली. ती रणांगणावरील सैनिक नव्हती. घरांत व बाजारात वावरणारी साधी स्त्रीपुरुषे आणि मुले होती.

मस्टर्ड म्हणजे मोहरी. या द्रव्याला मोहरीसारखा किंवा लसणासारखा वास येतो, म्हणून हे नाव पडले. मोहरीशी त्याचा अन्य संबंध नाही. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे खोलगट जागी साचते. साहजिकच, बाँबच्या भयाने तळघराचा आश्रय घेणारा मनुष्य तेथेच तिच्या तावडीत सापडतो. स्पर्श होताच वेदना होत नाहीत. काही तासांनी डोळे चुरचुरतात, कातडीवर फोड येतात व श्वास कोंडू लागतो.

जे वाचतात, त्यांचीही यातनांतून सुटका होत नाही. फुप्फुसांतील सूक्ष्म नलिका आकसल्यामुळे चार पायऱ्या चढताच धाप लागते. कातडीला खाज सुटते. कित्येकांची दृष्टी तर पंधरा-वीस वर्षांनंतर अधू होऊ लागते. ही हानी समूळ भरून काढणारे औषध अद्याप सापडलेले नाही.

मग अशा पीडितांसाठी काहीच करता येत नाही काय? पुष्कळ करता येते. श्वासावाटे घ्यावयाची औषधे, प्राणवायू आणि डोळ्यांत ओलावा राखणारे थेंब यांनी त्यांचे दिवस सुसह्य होतात. घरच्यांनी धूर, धूळ व गार वारा यांपासून त्यांना जपावे लागते. झेपेल असे काम मिळाले, तर स्वाभिमान टिकतो. ही व्याधी संसर्गजन्य नाही. म्हणून त्यांच्याजवळ बसण्यास कोणी कचरू नये. एकाकीपणाचे दुःख खोकल्याहून कमी नसते.

तेहरान शहरात शांततेला वाहिलेले एक संग्रहालय आहे. विषारी वायूने पीडित झालेले माजी सैनिक तेथे स्वयंसेवक म्हणून काम करतात आणि आपली कहाणी स्वमुखाने सांगतात. ज्यांना साहाय्य हवे, तेच इतरांना शहाणे करीत आहेत!

अशा अस्त्रांचा वापर १९२५ च्या जिनीव्हा करारानेच निषिद्ध ठरविला होता. तरीही तो झाला. १९९७ साली अमलात आलेल्या नव्या कराराने ती तयार करण्यास व साठविण्यासही बंदी घातली. भारतही या करारात सहभागी आहे. दरवर्षी ३० नोव्हेंबरला या अस्त्रांना बळी पडलेल्यांचे स्मरण केले जाते.

करार पुढील पिढ्यांचे रक्षण करील. परंतु जे आज धापा टाकीत आहेत, त्यांना औषधाची, सोबतीची आणि आपली आठवण ठेवणाऱ्या माणसांची आवश्यकता आहे. त्यांची शुश्रूषा हे साऱ्या मानवजातीचे कर्तव्य होय.