चुकांसकट स्थलांतर

औषधाच्या विक्रीची परवानगी मागताना कंपनी नियामक संस्थेला जो दस्तऐवजांचा संच सादर करते, त्याला या व्यवसायात डॉसियर म्हणतात. आणि अमेरिकेच्या बाजारासाठी जेनेरिक औषधे बनवणाऱ्या महाराष्ट्रातील व गोव्यातील कंपन्यांच्या रेग्युलेटरी अफेअर्स विभागांत अशा डॉसियरांचे मोठे संग्रह साठलेले असतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, ५ मे २०१७ पासून जेनेरिक औषधांचे अर्जही ईसीटीडी या ठरीव इलेक्ट्रॉनिक रचनेतच देणे बंधनकारक केले. त्याआधीचे कागदी खंड, त्यांच्या स्कॅन प्रती आणि सीडी मात्र त्याच संग्रहात राहिल्या. जुनी प्रणाली बंद करून हे सारे नव्या अभिलेख प्रणालीत नेणे म्हणजे फाइली इकडून तिकडे हलवणे, असा समज व्यवस्थापनात सर्रास आढळतो, आणि पुढच्या बहुतेक अडचणी त्या समजातूनच निघतात.

ईसीटीडीतील प्रत्येक सादरीकरणाला चार अंकी क्रमांक असतो आणि त्याला सीक्वेन्स म्हणतात. सीक्वेन्सच्या फोल्डरमध्ये पीडीएफ दस्तऐवजांबरोबर एक अनुक्रमणिका-फाइल असते, जिच्यात प्रत्येक दस्तऐवजाची, म्हणजे ‘लीफ’ची, नोंद असते: तो कोणत्या मार्गावर आहे, त्याचा चेकसम काय, आणि तो नवा आहे, आधीच्या दस्तऐवजाला जोडलेला आहे, त्याच्या जागी आलेला आहे की त्याला रद्द करणारा आहे. सातबाऱ्यावर जुने नाव कंसात जाते पण पुसले जात नाही आणि कोणत्या फेरफाराने ते बदलले हे शेजारीच कळते, तशीच ही व्यवस्था आहे.

गोळीच्या विनिर्देशाचे, म्हणजे तिच्या घटकांच्या व अशुद्धींच्या मर्यादा ठरवणाऱ्या दस्तऐवजाचे, उदाहरण घेता येईल. समजा, तो ०००० या सीक्वेन्समध्ये ‘नवा’ म्हणून गेला, पुढे एफडीएने एका अशुद्धीची मर्यादा कमी करायला सांगितली आणि सुधारित विनिर्देश ०००३ मध्ये ‘जागी आलेला’ म्हणून पाठवला गेला. ०००३ च्या अनुक्रमणिकेत तेव्हा एक दुवा लिहिलेला असतो, जो एक पायरी वर जाऊन शेजारच्या ०००० फोल्डरमधील त्या नेमक्या नोंदीकडे बोट दाखवतो. नव्या प्रणालीने दाखल करून घेताना फोल्डरचे नाव बदलले किंवा फाइली सुट्या करून स्वतःच्या क्रमांकांखाली ठेवल्या, तर फाइल एकही हरवत नाही, पण दुवा तुटतो. मग दोन्ही विनिर्देश एकाच रांगेत, दोन्ही चालू असल्यासारखे उभे राहतात, आणि एफडीएच्या प्रश्नाला उत्तर लिहिणाऱ्याच्या हाती शिथिल मर्यादेचा कागद लागू शकतो. म्हणूनच फाइलींची संख्या दोन्हीकडे जुळली, एवढ्यावर काम पूर्ण मानणे धोक्याचे आहे.

चेकसम म्हणजे फाइलीतील मजकुरावरून गणिताने काढलेली ३२ चिन्हांची ओळ. कोणी पीडीएफ उघडून नुसती पुन्हा जतन केली, तरी डोळ्यांना फरक न दिसता ही ओळ बदलू शकते; त्यामुळे दस्तऐवज वाचून पाहण्यासाठी नमुना पुरेसा धरला, तरी चेकसम प्रत्येक फाइलीचा ताडावा लागतो. तो जुळला नाही, तर बिघाड सादर करतानाच होता की नंतर शिरला, हे शोधणे आले. याचा मोठा पुरावा म्हणजे एफडीएच्या इलेक्ट्रॉनिक प्रवेशद्वारातून आलेल्या पोचपावत्या, आणि नेमक्या त्याच संग्रहात नसून एखाद्या जुन्या मेलबॉक्समध्ये पडून असतात. शिवाय मुंबईत सकाळी पाठवलेल्या सादरीकरणावर अमेरिकेत आदल्या दिवसाची तारीख पडते. नव्या प्रणालीतील ‘सादरीकरणाची तारीख’ या रकान्यात दोहोंपैकी कोणती भरायची, हे आधी ठरवून लिहून ठेवले नाही, तर निम्म्या नोंदी एका रीतीने आणि निम्म्या दुसऱ्या रीतीने भरल्या जातात.

या कामातील सर्वांत अवघड शिस्त मात्र तांत्रिक नाही. स्थलांतर करताना चुकीच्या स्पेलिंगची फाइल, तिरके स्कॅन झालेले पान, चुकीच्या शीर्षकाखाली गेलेला अहवाल असे दोष समोर येतात, आणि प्रामाणिक माणसाचा हात ते सुधारायला आपोआप पुढे जातो. तो आवरलाच पाहिजे. नियामकाच्या हाती काय पोहोचले याचा हा अभिलेख आहे. तो सुधारला तर कंपनीकडची प्रत आणि एफडीएकडची प्रत वेगळ्या होतात आणि कंपनी आपल्याच पुराव्याला मुकते. इलेक्ट्रॉनिक नोंदींविषयीच्या अमेरिकेच्या १९९७ च्या नियमांतही बदलाने आधीची नोंद झाकली जाऊ नये, अशी स्पष्ट अट आहे. चूक आशयाची असेल, तर ती नव्या सीक्वेन्सने एफडीएला कळवूनच दुरुस्त होते. संग्रहात दोष तसाच जातो आणि तो केव्हा, कोणाला आढळला याची स्वतंत्र टिप्पणी स्थलांतराच्या नोंदवहीत होते.

म्हणून अंतिम तपासणी एकट्या संगणक विभागावर सोपवणे योग्य नाही. त्या औषधाचा इतिहास जाणणाऱ्या व्यक्तीने नव्या प्रणालीत आजची स्थिती आणि प्रत्येक सीक्वेन्सच्या वेळची स्थिती अशा दोन्ही उघडून पाहाव्यात, आणि गुणवत्ता विभागाची सही होईपर्यंत जुनी प्रणाली फक्त वाचण्यापुरती चालू ठेवावी. सप्टेंबर २०२४ पासून एफडीए नवे अर्ज ईसीटीडीच्या ४.० या आवृत्तीतही स्वीकारते आणि तिच्यात दस्तऐवजांची ओळख फोल्डरच्या मार्गावर अवलंबून नाही; जुने सीक्वेन्स मात्र ज्या रचनेत पाठवले गेले त्याच रचनेत जपावे लागतील.