दिवस गेले, पण किती?

लेखांक ७

बाई गरोदर राहिली की मराठीत 'तिला दिवस गेले' म्हणतात. हा शब्दप्रयोग वैद्यकाच्या दृष्टीनेही नेमका आहे. गरोदरपणातल्या कितीतरी तपासण्यांचा खरेपणा त्या कितव्या दिवशी केल्या यावर ठरतो, आणि तो दिवस विसरून अहवाल वाचला की घोटाळा होतो. चौलच्या वाड्यांमधून आशाताईंकडे 'निश्चय' किट फुकट मिळतं, औषधांच्या दुकानात तशीच पट्टी विकत मिळते. विचारणारीचा प्रश्न असतो 'आहे की नाही?' पट्टी मात्र 'आज लघवीत दिसण्याइतकं आहे का?' एवढ्याच प्रश्नाचं उत्तर देते.

ही पट्टी एचसीजी नावाचं संप्रेरक शोधते. बीज सुटल्यानंतर साधारण ६ ते १२ दिवसांनी गर्भ गर्भाशयात रुजतो, आणि पुढे ज्यांची वार होते त्या पेशी हे संप्रेरक रक्तात सोडू लागतात. पहिल्या काही आठवड्यांत त्याचं प्रमाण दर दोन-तीन दिवसांनी जवळपास दुप्पट होतं. म्हणूनच सोमवारी एक रेष दाखवणारी पट्टी शुक्रवारी दोन दाखवू शकते, आणि दोन्ही दिवशी ती खरंच बोललेली असते. यावर कुणी म्हणेल, पाकिटावर तर ९९ टक्के अचूकता छापलेली असते. तो आकडा पाळी चुकल्यानंतर, सूचना काटेकोर पाळून केलेल्या चाचणीचा असतो. पाळी अनियमित असेल तर ती नक्की कधी 'चुकली' हेच धड सांगता येत नाही. त्यामुळे एक रेष आली आणि पाळी आली नाही, तर आठवड्याने सकाळच्या पहिल्या लघवीवर पुन्हा चाचणी करावी. पोटात कळ किंवा रक्तस्राव असेल तर मात्र आठवडाभर न थांबता डॉक्टरांकडे जावं. रक्तगट कोणताही असला तरी या रेषांवर त्याचा काही परिणाम होत नाही.

रक्तगटाचं काम दोन रेषा उमटल्यावर सुरू होतं, आणि तिथेही हिशेब दिवसांचाच आहे. लग्न जमवताना 'दोघांचा रक्तगट एकच असेल तर मुलं व्यंग घेऊन येतात' असं सर्रास ऐकू येतं. त्याला आधार नाही. आईचा गट ओ आणि बाळाचा ए किंवा बी असला तर बाळाला कावीळ होऊ शकते, पण ती बहुधा सौम्य असते. खरी काळजी घ्यायची ती आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असताना. बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं, तिचं शरीर त्याला परकं मानून प्रतिपिंडं तयार करतं, आणि पुढच्या खेपेला ती वारेतून पलीकडे जाऊन बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात. १९६८ पासून वापरात असलेलं अँटी-डी इंजेक्शन हे होऊ देत नाही. ते न घेतल्यास अशा सुमारे १६ टक्के आयांमध्ये प्रतिपिंडं तयार होतात. बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत घेतल्यास हे प्रमाण दोन टक्क्यांच्या खाली येतं, आणि २८व्या आठवड्यातही घेतल्यास हजारात एक-दोनवर.

'पहिलं बाळ तर इंजेक्शनाशिवाय ठणठणीत झालं' हा यावरचा नेहमीचा आक्षेप. पण पहिलं बाळ सुखरूप असणं हे या आजाराच्या स्वभावातच आहे, कारण प्रतिपिंडं बहुधा त्याच बाळंतपणानंतर तयार होतात. दुसरा आक्षेप असा, की भारतात आरएच निगेटिव्ह माणसं जेमतेम पाच टक्के, मग सगळ्यांची तपासणी कशाला? त्या पाचांत कोण आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही, म्हणून. बरं, नवराही निगेटिव्ह असेल तर ही भीतीच उरत नाही. त्यामुळे निगेटिव्ह सुनेला नकार देण्याचं काहीच कारण नाही, फक्त तिचा गट वेळेवर कळायला हवा. प्रतिपिंडं आहेत का हे पाहणारी कूम्ब्स चाचणीसुद्धा पट्टीसारखी त्या दिवसापुरतीच खरी असते, म्हणून २८व्या आठवड्यात ती पुन्हा करतात.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. चौलची सून पेणला किंवा मुंबईला जाते आणि तपासणीचं कार्ड सासरी कपाटात राहतं. ७२ तासांचं घड्याळ मात्र ती जिथे बाळंत होईल तिथेच सुरू होतं. गर्भपात झाला तरी याच मुदतीत डॉक्टरांना इंजेक्शनाबद्दल विचारायला हवं. म्हणून दोन रेषा दिसल्या की लगेच नाव नोंदवावं. दर महिन्याच्या ९ तारखेला पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर तपासणी मोफत होते. तिथे रक्तगट कार्डावर लिहून घ्यावा, आणि माहेरच्या पिशवीत सर्वांत आधी ते कार्ड ठेवावं.

पुढच्या भागात : १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी जगापुढे आणलेला, साध्या तपासणीत ओ वाटणारा 'बॉम्बे' रक्तगट.