गुण आणि गुणवत्ता : महाविद्यालयीन बास्केटबॉलपटूच्या संक्रमणाचा विचार

मराठीत 'गुण' हा एकच शब्द तीन कामे करतो. परीक्षेत मिळतात ते गुण, सामन्यात नोंदवले जातात ते गुण, आणि व्यक्तीच्या अंगी असतात तेही गुणच. या अर्थांची सरमिसळ नित्याच्या व्यवहारात फारशी बाधक होत नाही. मात्र मोजलेल्या गुणांवरून अंगच्या गुणांचे अनुमान बांधावयाचे असते, तेथे ती घोटाळ्याचे मूळ ठरते. अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉल आणि तेथील व्यावसायिक बास्केटबॉल यांच्या संबंधात असे अनुमान दरवर्षी जाहीरपणे केले जाते आणि काही वर्षांतच त्याची परीक्षाही होते. म्हणून अनुमानाच्या मर्यादा तपासण्यास हे क्षेत्र विशेष सोयीचे आहे.

तेथील व्यावसायिक संघटना एन. बी. ए. या नावाने ओळखली जाते. तिचे ३० संघ सर्वसाधारणपणे जून महिन्यात नव्या खेळाडूंची क्रमवार निवड करतात. या निवडीस 'ड्राफ्ट' म्हणतात. तिच्या दोन फेऱ्यांत मिळून सुमारे ६० खेळाडू निवडले जातात, आणि त्यांतही काही परदेशांतून आलेले असतात. उलटपक्षी महाविद्यालयांच्या पहिल्या श्रेणीत साडेतीनशेहून अधिक संघ खेळतात. तेव्हा बहुसंख्य महाविद्यालयीन खेळाडूंना हे दार उघडत नाही हे उघडच आहे. परंतु ज्यांना ते उघडते, त्यांच्या बाबतीतही पूर्वीची कामगिरी पुढील कामगिरीची हमी देत नाही, हे अधिक विचारार्ह होय.

या दृष्टीने तीन खेळाडूंची तुलना उद्बोधक ठरेल. २००५-०६ च्या हंगामात गॉन्झागा विद्यापीठाच्या ॲडम मॉरिसनने प्रतिसामना २८.१ गुणांची सरासरी राखली. २००८-०९ मध्ये डेव्हिडसन महाविद्यालयाच्या स्टीफन करीची सरासरी २८.६ होती, तर २०१०-११ मध्ये ब्रिगॅम यंग विद्यापीठाच्या जिमर फ्रेडेटची २८.९. हे तिघेही आपापल्या वर्षी देशातील पहिल्या श्रेणीचे सर्वाधिक सरासरीचे खेळाडू होते. पहिल्या व तिसऱ्या आकड्यांत एका गुणाचेही अंतर नाही. ड्राफ्टमध्ये मॉरिसनची निवड २००६ साली तिसऱ्या क्रमांकावर, करीची २००९ साली सातव्या आणि फ्रेडेटची २०११ साली दहाव्या क्रमांकावर झाली. पुढे मॉरिसन एन. बी. ए.मध्ये दोनशेही सामने खेळला नाही. गुडघ्याच्या दुखापतीने त्याचा दुसरा हंगाम संपूर्ण वाया गेला हे खरे; परंतु तत्पूर्वीच्या हंगामातही त्याच्या फेकींचे यश समाधानकारक नव्हते. फ्रेडेटची सरासरी तेथील एकाही हंगामात ८ गुणांपर्यंत पोहोचली नाही. करी मात्र २०१५ व २०१६ असा लागोपाठ दोनदा संघटनेचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. आरंभीचा आकडा जवळजवळ समान असता परिणाम इतके भिन्न का व्हावेत?

पहिले कारण असे की, हे दोन खेळ एकाच नावाने ओळखले जात असले तरी त्यांची घडण एक नाही. महाविद्यालयीन सामना ४० मिनिटांचा, तर व्यावसायिक सामना ४८ मिनिटांचा असतो. एन. बी. ए.मध्ये १९५४ पासून २४ सेकंदांच्या आत फेक करणे बंधनकारक आहे. उपरोक्त तिघांच्या काळी महाविद्यालयांत ही मुदत ३५ सेकंद होती. २०१५-१६ पासून ती ३० झाली. तीन गुणांच्या फेकीची रेषा व्यावसायिक मैदानावर समोरून २३ फूट ९ इंच अंतरावर आहे. महाविद्यालयांत ती २००८ पर्यंत १९ फूट ९ इंचांवर होती. त्या वर्षी ती एक फूट मागे नेण्यात आली, आणि २०१९-२० पासून ती २२ फुटांहून किंचित अधिक अंतरावर आहे. बास्केटखालचा रंगवलेला पट्टा महाविद्यालयांत १२ फूट, तर एन. बी. ए.मध्ये १६ फूट रुंद असतो. शिवाय एन. बी. ए.मध्ये बचाव करणाऱ्यास प्रतिस्पर्ध्याला निकट न राखता त्या पट्ट्यात तीन सेकंदांहून अधिक काळ उभे राहता येत नाही. महाविद्यालयांत असे बंधन नाही. परिणामी तेथे एकट्या खेळाडूचे बचावातील दौर्बल्य सामूहिक रचनेमागे झाकले जाऊ शकते. व्यावसायिक खेळात प्रतिस्पर्धी ते नेमके हेरून त्याच्यावरच हल्ला चढवतात.

दुसरे कारण नियमांत नसून भूमिकेत आहे, आणि तेच अधिक महत्त्वाचे आहे. महाविद्यालयात प्रतिसामना २८ गुण मिळवणाऱ्या खेळाडूभोवती त्याच्या संघाचा सारा खेळ रचलेला असतो. चेंडू बहुतांशी त्याच्याच हाती राहतो आणि त्याच्या चुकलेल्या फेकीही खपवून घेतल्या जातात. व्यावसायिक मैदानावरील दहाही खेळाडू कधीकाळी आपापल्या संघात अशाच केंद्रस्थानी असतात. चेंडू मात्र एकच असतो. म्हणून नव्याने आलेल्या बहुतेकांना केंद्रस्थान सोडून कोपऱ्यात उभे राहणे, सहकाऱ्यासाठी आड येऊन वाट मोकळी करणे, बचाव करणे, अशी दुय्यम कामे पत्करावी लागतात. फ्रेडेटची लांबून फेक करण्याची कला एन. बी. ए.मध्ये लोप पावली नव्हती. तेथेही त्याच्या तीन गुणांच्या फेकींचे यश चांगले होते. लोप पावली ती त्याची भूमिका. याचा प्रत्यय पुढे चीनमध्ये आला. २०१६-१७ मध्ये शांघायच्या संघाने त्याला पुन्हा केंद्रस्थान दिले, तेव्हा त्याची सरासरी ३७ गुणांहून अधिक झाली आणि एका सामन्यात त्याने ७३ गुण नोंदवले. खेळाडू तोच, कौशल्य तेच. बदलली होती ती व्यवस्था.

वैशेषिक दर्शनात गुण हा द्रव्याश्रित मानला आहे. परंतु त्याच गणनेतील 'संयोग' हा गुण एका द्रव्यात राहत नाही, तो दोहोंवर आश्रित असतो. सामन्यात मिळवलेले गुण या जातीचे आहेत. ते खेळाडूच्या नावे लिहिले जातात. पण खेळाडू, सहकारी, प्रतिस्पर्धी आणि नियम यांच्या संयोगातून ते उत्पन्न झालेले असतात. खेळाडू एका व्यवस्थेतून दुसरीत गेला की तो संयोग तुटतो.

मग खेळाडूबरोबर काय जाते? जे व्यवस्थेवर कमीत कमी अवलंबून असते ते. फ्री थ्रो दोन्ही खेळांत १५ फुटांवरूनच आणि बचावाविना केली जाते. म्हणूनच लांबच्या फेकीच्या भवितव्याचा अंदाज घेताना पारखी तिच्याकडे विशेष लक्ष देतात. उंची, बाहूंची लांबी, पायांची चपळाई आणि मैदानाचे वाचनही बरोबर जाते. करीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. डेव्हिडसनमधील तिसऱ्या वर्षी त्याच्याकडे चेंडू पुढे नेऊन खेळाची आखणी करण्याचे काम आले. त्यामुळे व्यावसायिक संघात जी भूमिका करावयाची तिचा सराव त्याला आधीच झाला. ड्रेमंड ग्रीनचे उदाहरण याला पूरक आहे. मिशिगन स्टेट विद्यापीठात चार वर्षे खेळून तो २०१२ साली पस्तिसाव्या क्रमांकावर निवडला गेला. बचाव आणि अचूक पास हे त्याचे विशेष दुय्यम भूमिकेतही उपयोगी पडणारे होते. २०१७ साली तो संघटनेचा सर्वोत्कृष्ट बचावपटू ठरला.

अनुमानास किती पुरावा उपलब्ध असावा, हा प्रश्न नियम आणि न्यायालये यांच्याशी निगडित आहे. आरंभी शालान्त शिक्षणानंतर चार वर्षे लोटल्याशिवाय एन. बी. ए.मध्ये प्रवेश नव्हता. स्पेन्सर हेवुडने हा नियम न्यायालयात आव्हानित केला, आणि १९७१ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या या वादात तो विजयी झाला. त्यानंतर प्रथम आर्थिक अडचणीच्या कारणास्तव आणि १९७६ पासून विनाअट लवकर प्रवेश मिळू लागला. १९९५ साली केव्हिन गार्नेट, १९९६ साली कोबे ब्रायंट आणि २००३ साली लेब्रॉन जेम्स हे शाळेतून थेट आले. २००५ च्या करारान्वये १९ वर्षे वय आणि शाळा सोडून एक वर्ष या अटी घातल्या गेल्या. अनेकांचा महाविद्यालयीन काळ त्यामुळे एका हंगामापुरता उरला. एका हंगामाच्या पुराव्यावर कसे अनुमान होते ते २०१३ साली दिसले. नेवाडा विद्यापीठाच्या लास व्हेगस शाखेत एक वर्ष खेळलेला अँथनी बेनेट पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, आणि चार हंगामांनंतर एन. बी. ए.बाहेर पडला. याउलट व्हिलानोव्हाला तीन वर्षांत दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून देण्यात वाटा असलेला जेलन ब्रन्सन २०१८ साली तेहतिसाव्या क्रमांकापर्यंत मागे राहिला. पुढे न्यूयॉर्कच्या संघाचा तो मुख्य आधार बनला.

चुकीच्या अनुमानाची किंमत संघापेक्षा खेळाडूस अधिक मोजावी लागते. पहिल्या फेरीत निवडलेल्यास दोन वर्षांच्या वेतनाची हमी असते; दुसऱ्या फेरीत ती नसते. त्यामुळे तिसाव्या आणि एकतिसाव्या क्रमांकांतील अंतर पारख्याच्या वहीत नगण्य असले, तरी वीस वर्षांच्या तरुणाच्या जीवनात ते नगण्य राहत नाही. दीर्घकाळ दुसऱ्या बाजूस विनावेतन महाविद्यालयीन खेळच होता. म्हणून अपुऱ्या तयारीनिशीही झेप घेणे अनेकांस भाग पडे. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाच्या व प्रतिमेच्या वापराचे पैसे घेण्याची मुभा मिळाली, आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठे त्यांना उत्पन्नातील वाटा थेट देऊ शकतात. आणखी एक वर्ष थांबून बचाव सुधारणे किंवा नवी भूमिका शिकणे आता निव्वळ त्याग राहिलेले नाही. हौशी व व्यावसायिक ही जुनी विभागणी यामुळे पुसट झाली. मात्र दोन खेळांच्या घडणीतील अंतर पैशाने मिटलेले नाही.

सारांश, महाविद्यालयीन आकडा खोटा नसतो. विशिष्ट सहकाऱ्यांसह, विशिष्ट प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध, विशिष्ट नियमांखाली काय घडले याची ती यथार्थ नोंद असते. चूक होते ती त्या नोंदीस व्यक्तीचा स्थिर धर्म समजण्यात. गुणपत्रिकेवरून संशोधक निवडणाऱ्या विद्यापीठांनाही हा विवेक अपरिचित नसावा. विद्यार्थ्याने किती गुण मिळवले याबरोबरच ते कोणत्या प्रकारच्या प्रश्नांना, कोणाच्या साहाय्याने आणि किती अवधीत मिळवले, हे विचारल्यावाचून त्याच्या अंगच्या गुणांविषयी निर्णय देता येत नाही.