पुळणीवरच्या वेली ओळखताना

शिरोडा-वेळागरपासून मोचेमाडपर्यंतची पुळण २०१२पासून पायाखालून जाते आहे. सुरुवात मर्यादवेलीने झाली. कोकणात बहुतेकांची तिच्यापासूनच होते. जांभळट गुलाबी फुलं, टोकाशी दुभंगलेलं जाड पान, ते खुडलं की पांढरा चीक. तिच्या शेजारीच सरपटणारी, तशीच गुलाबी फुलणारी कॅनाव्हॅलिया मात्र शेंगावर्गातली. एका देठावर तीन पर्णिका आणि जाडजूड शेंग. या दोघींतला फरक कळला तेव्हापासून प्रत्येक वेल वाकून पाहायची सवय लागली.

नाव पक्कं करायला थिओडोर कुक यांचा १९०१ ते १९०८ दरम्यान निघालेला मुंबई इलाख्याचा वनस्पतिग्रंथ आजही हाताशी लागतो. भरतीरेषेपासून किती पावलांवर काय सापडेल, हे मात्र किनाराच शिकवतो. सर्वांत पुढे मर्यादवेल आणि स्पिनिफेक्स गवत. मागे मांसल पानांची, फिकट जांभळ्या फुलांची हायड्रोफायलॅक्स आणि पिवळ्या फुलांची लॉनिया. आणखी आत निरगुडी, केवडा, उंडी.

यांत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते स्पिनिफेक्स. अंगाला टोचतं म्हणून लोक त्याला टाळतात. त्याची नर आणि मादी झाडं वेगळी. मादीचे मोठे काटेरी गोळे सुटून वाऱ्याबरोबर पुळणीभर घरंगळतात आणि बी पसरतं. वाळूने बुडवलं की ते पेरापेरांतून मुळं सोडत वर येतं, पुन्हा वाळू अडवतं. वाळूची टेकडी चढते ती अशी. पावसाळ्यात लाटा तिचा पुढचा भाग ओरबाडून नेतात. नंतर वाळू परतते, तेव्हा ती धरायला पुढची फळी जिवंत असावी लागते.

मी पाहतो आहे त्या वर्षांत काही ठिकाणी ही फळीच गेली. सुरूच्या बनात सुयांच्या थराखाली जवळजवळ काही उगवत नाही. सावलीसाठी ते लोकांना आवडतं, तरी टेकडीच्या तोंडावर सुरू लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कुठे बांधकामासाठी टेकड्या सपाट झाल्या. वाळूच्या टेकड्यांत फेरफार करायला १९९१च्या किनारा अधिसूचनेनेच मनाई केली, आणि २०११मध्ये त्यांना सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात घातलं. तरी टेकडी सपाट करणाऱ्याला ती मोकळी वाळूच वाटते. म्हणून हल्ली गावातल्या मुलांना घेऊन जातो, तेव्हा आधी स्पिनिफेक्स दाखवतो, फुलं नंतर. लव्हाळ्यांपर्यंत आम्ही आत्ता कुठे पोचलो आहोत. ती भिंगाखाली फळ धरल्याशिवाय नीट उमगत नाहीत.