उमरखाडी ते कल्याणीनगर

१८८२ च्या पावसाळ्यात टिळक आणि आगरकर कोल्हापूर प्रकरणातली शिक्षा भोगायला मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात होते. आगरकरांनी पुढे त्या एकशे एक दिवसांवर पुस्तक लिहिलं, म्हणून मराठी वाचकाला हा तुरुंग नावानं तरी ठाऊक असतो. उमरखाडीच्या त्याच तुरुंगात विसाव्या शतकात चिल्ड्रन्स एड सोसायटीचं रिमांड होम आलं. कैदी गेले, पोरं आली. ‘गप बस, नाहीतर रिमांड होममध्ये टाकीन’ हा दम मराठी घरांतल्या कितीतरी पोरांनी ऐकला आहे, आणि तो देणाऱ्या आईच्या डोळ्यांसमोर शाळा नव्हे, तुरुंगच असतो. आईचं काही चुकत नाही.

गुन्हा केलेल्या मुलाचं करायचं काय, यावर आपल्याकडे पावणेदोनशे वर्षं कायदे होत आले आहेत. १८५० चा अप्रेंटिस कायदा हा त्यातला पहिला. किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला तुरुंगाऐवजी एखाद्या कारागिराच्या हाताखाली उमेदवारीला लावावं, अशी त्यात सोय होती. १८५७ मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या देणगीवर मुलांसाठी सुधारशाळा उभी राहिली. माहीमची डेव्हिड ससून औद्योगिक शाळा ती हीच. मात्र एका हातानं हातोडा-करवत देणाऱ्या त्याच सरकारनं दुसऱ्या हातात वेत ठेवला होता. १८६४ च्या कायद्यानं अल्पवयीन गुन्हेगाराला इतर शिक्षेऐवजी फटके मारायची मुभा दिली, आणि फटक्यांची शिक्षा देशातून कायमची जायला १९५५ साल उजाडावं लागलं. १८७६ मध्ये सुधारशाळा कायदा आला, आणि १८९७ च्या नव्या सुधारशाळा कायद्यानं पंधराच्या आतल्या मुलांना तीन ते सात वर्षं अशा शाळेत ठेवता येऊ लागलं. येरवड्याला तशी शाळा होती. मध्यवर्ती तुरुंगही येरवड्यालाच, हा शेजार निव्वळ योगायोगाचा नसावा.

खरा बदल झाला तो पहिल्या महायुद्धानंतर. १९१९-२० च्या तुरुंग समितीनं मुलांना प्रौढ कैद्यांत ठेवू नये, त्यांची न्यायालयंही वेगळी असावीत, असं सांगितलं. मद्रासनं १९२० मध्ये, बंगालनं १९२२ मध्ये आणि मुंबई इलाख्यानं १९२४ मध्ये बालकायदा केला. १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी निघाली, मुंबईत बालन्यायालय बसू लागलं. या कायद्याचा हेतू उदार होता, पण त्यात एक मोठी खोट होती. पाकीट मारलेला मुलगा आणि आईबाप नसल्यानं रस्त्यावर सापडलेला मुलगा, दोघांना एकाच छपराखाली आणलं गेलं. निराधार असणं हाही गुन्ह्याचाच एक प्रकार ठरला. ही गाठ पुरती सुटायला पुढची पंचाहत्तर वर्षं लागली.

त्याच काळातला एक कायदा आज जवळजवळ विस्मरणात गेला आहे. १९२९ चा मुंबईचा बोर्स्टल शाळा कायदा सोळा ते एकवीस वयाच्या तरुणांसाठी होता. एवढ्या वयाचं पोर मूलही नसतं आणि पुरता बाप्याही झालेलं नसतं, त्याला तुरुंगात घातलं तर ते अट्टल होऊनच बाहेर पडेल, हे त्या वेळच्या अधिकाऱ्यांनी ओळखलं होतं. धारवाडला बोर्स्टल होतं. आज नाशिकला किशोर सुधारालय आहे. अठरावा वाढदिवस ही कुऱ्हाडीची धार मानून चाललेला आपला हल्लीचा वाद ऐकताना मला १९२९ चे ते साहेब लोक आपल्यापेक्षा शहाणे वाटतात. साहेबाबद्दल असं म्हणायची वेळ माझ्यावर क्वचितच येते.

स्वातंत्र्यानंतर काही दशकं कायदे नुसते नव्यानं लिहिले गेले: मुंबईचा १९४८ चा, केंद्रशासित प्रदेशांसाठी १९६० चा. प्रत्येक राज्याचं वय वेगळं, रीत वेगळी, आणि काही राज्यांत तर कायदाच नाही. मुलं सर्रास तुरुंगात होती. या गोष्टीला वाचा फोडली ती मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी. देशभरातल्या तुरुंगांत सोळाच्या आतली मुलं किती, एवढा साधा प्रश्न घेऊन त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि राज्यांना उत्तर देता येईना. १९८६ मध्ये न्यायालयानं मुलांना तुरुंगात ठेवू नका असं बजावलं, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात मुलावरचा तपास तीन महिन्यांत संपवा असं सांगितलं आणि देशासाठी एकच कायदा करायची सूचना केली. त्याच वर्षी बाल न्याय कायदा आला. त्यात मुलग्यांसाठी वय सोळा आणि मुलींसाठी अठरा होतं. १९९२ मध्ये भारतानं संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार मान्य केला आणि २००० च्या नव्या कायद्यात दोघांसाठी अठरा वर्षं ठरली. फारसा गाजावाजा न होता ठरली. बारा वर्षांनी या आकड्यावरून सारा देश पेटेल, असं त्या दिवशी कुणाच्या मनातही आलं नसेल.

१६ डिसेंबर २०१२ ला दिल्लीत धावत्या बसमध्ये जे घडलं ते पुन्हा सांगण्याची गरज नाही. सहा आरोपींपैकी एक अठराला काही महिने कमी होता. ऑगस्ट २०१३ मध्ये बाल न्याय मंडळानं त्याला तीन वर्षं विशेष गृहात ठेवायचा आदेश दिला. कायद्यात त्याहून जास्त काही नव्हतंच. याच सुमारास मुंबईत शक्ती मिलचं प्रकरण घडलं, त्यातही अल्पवयीन निघाले. दोघांना पुढे तीन वर्षांसाठी नाशिकला पाठवण्यात आलं. ‘बलात्कार करताना मोठा आणि शिक्षेच्या वेळी लहान कसा?’ हा प्रश्न चहाच्या टपरीपासून संसदेपर्यंत विचारला जाऊ लागला. प्रश्न बिनतोड वाटतो, आणि ज्यांची मुलगी गेली त्यांनी तो विचारला तर समोरच्यानं मान खाली घालावी असाच तो आहे. तरीही न्यायमूर्ती वर्मा समितीनं, लोक रस्त्यावर असतानाच, जानेवारी २०१३ मध्ये वय कमी करू नये असं लिहून दिलं. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ आणि २०१४ मध्ये दोनदा कायदा तसाच ठेवला. सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर प्रौढांसारखा खटला चालवू देणाऱ्या नव्या विधेयकातल्या तरतुदीला संसदेच्या स्थायी समितीनंही विरोध केला.

मग २० डिसेंबर २०१५ ला तो मुलगा सुटला आणि २२ डिसेंबरला राज्यसभेनं विधेयक मंजूर केलं. मृत मुलीचे आईवडील प्रेक्षक गॅलरीत बसून होते. ज्याच्यासाठी एवढी घाई झाली त्याला हा कायदा लागूच होणार नव्हता, कारण फौजदारी शिक्षा मागच्या तारखेपासून लावता येत नाही. हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

२०१५ च्या कायद्यानं सोळा ते अठरा वयाच्या, निर्घृण गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी एक फाटा काढला. बाल न्याय मंडळानं तीन महिन्यांत प्राथमिक मूल्यांकन करायचं: गुन्हा करण्याची शारीरिक-मानसिक क्षमता मुलाकडे होती का, परिणाम त्याला कळत होते का, परिस्थिती काय होती. उत्तर पटलं तर मुलगा प्रौढांसारख्या खटल्याला पाठवता येतो. फाशी आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप मात्र देता येत नाही. कागदावर हे मोजूनमापून केल्यासारखं दिसतं. पण गुन्हा घडल्यानंतर काही आठवड्यांनी, अटकेच्या भीतीत असलेल्या मुलाशी दोन-तीन बैठकांत बोलून, त्या रात्री त्याच्या डोक्यात काय चाललं होतं हे कुणी कसं सांगायचं? शिवाय गुन्हा शाबीत व्हायचा असताना तो त्यानंच केला असं धरून हा प्रश्न विचारायचा. गुरुग्रामच्या शाळेतल्या खुनाच्या खटल्यात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे काम नाजूक आहे हे मान्य केलं आणि मंडळात बालमानसशास्त्र जाणणारा सदस्य नसेल तर तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे असं सांगितलं. तज्ज्ञ आणायचे कुठून, हा प्रश्न जिल्ह्याच्या गावच्या मंडळाला रोज पडतो. माझ्या मते हे कलम न्यायापेक्षा संतापाला दिलेली वाट आहे, आणि ते राहू नये.

असं म्हटलं की लोक लगेच उत्तर देतात, ‘तुमच्या घरात घडलं असतं तर?’ म्हणून पुण्यातल्याच एका गुन्ह्याकडे वळतो. ऑगस्ट १९९४ मध्ये एका घरातल्या बायका आणि लहान मुलं अशा सात जणांची हत्या झाली. पुणं अनेक दिवस हादरलेलं होतं. आरोपींना फाशीची शिक्षा झाली, २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. त्यांच्यातल्या एकाचं वय खटल्याच्या कागदांत विशीतलं लिहिलं होतं. तो राजस्थानातला, कामाच्या शोधात इकडे आलेला. वय तपासावं असं कुणालाच वाटलं नाही. एवढा भीषण गुन्हा करणारा लहान असेलच कसा? कितीतरी वर्षांनी त्याच्या गावच्या शाळेचं रजिस्टर पुढे आलं. अल्पवयाचा मुद्दा कधीही मांडता येतो, अशी सुधारणा २००६ मध्ये झाली होती, तिचा आधार मिळाला. सर्वोच्च न्यायालयानं चौकशी करवली आणि मार्च २०२३ मध्ये निर्णय दिला: गुन्ह्याच्या वेळी त्याचं वय बारा वर्षं सहा महिने होतं. कायद्यानं त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता आलं असतं. तो अठ्ठावीस वर्षं तुरुंगात होता, त्यातला बहुतेक काळ फाशीच्या छायेत. सात जणांच्या खुनाचं वजन यानं रतीभरही कमी होत नाही. पण बारा वर्षांच्या पोराला फासावर द्यायला आपण निघालो होतो, आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता.

त्याच पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेनं दुचाकीला उडवलं आणि दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता. रविवारच्या दिवशी मंडळाच्या एका सदस्यानं जामीन दिला आणि अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं. तो निबंध देशभर चेष्टेचा विषय झाला. दुसऱ्याच आठवड्यात रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली. दरम्यान, लोकक्षोभानंतर मंडळानं आपला आदेश फिरवून मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं होतं. जूनमध्ये उच्च न्यायालयानं ते बेकायदा ठरवून त्याला सोडायला लावलं. मुलाला प्रौढ मानून खटला चालवावा हा पोलिसांचा अर्ज मंडळानं जुलै २०२५ मध्ये फेटाळला. सदोष मनुष्यवधाच्या कलमात किमान सात वर्षांची शिक्षा नाही, त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानुसार तो ‘निर्घृण’ गुन्ह्यांत बसत नाही, असा बचाव पक्षाचा मुद्दा होता.

उच्च न्यायालयाचा निर्णय मला कायद्याला धरून वाटतो. समुपदेशन, समाजसेवा, पालकांच्या ताब्यात देणं हे सगळं कायद्यातच आहे. संताप यायला हवा तो दुसऱ्या गोष्टीचा. रविवारी काही तासांत मंडळ बसू शकतं, जामीन होऊ शकतो, पालकाच्या घरी जाता येतं, ही सोय मोबाइल चोरलेल्या मुलाच्या वाट्याला किती वेळा येते? त्याचा बाप बिगारी असतो, आई चार घरची धुणीभांडी करते, हमीला उभं राहायला कुणी नसतं. कायद्यात जामीन हा नियम आहे आणि चौकशी चार महिन्यांत, फार तर आणखी दोन महिन्यांत संपवायची आहे. तरी असा मुलगा निरीक्षणगृहात तारखा मोजत बसतो. कल्याणीनगरच्या मुलाला जे मिळालं ते बरोबर होतं की चूक, यावर आपण वर्षभर भांडलो. ते बाकीच्यांना का मिळत नाही, हे कुणी विचारलं नाही.

गेल्या काही वर्षांत पुण्याच्या उपनगरांत कोयते नाचवणाऱ्या टोळ्यांच्या बातम्यांनी लोक पुन्हा घाबरले आहेत, आणि वय चौदावर आणा अशी मागणी ऐकू येते. भीती खोटी नाही. त्या टोळ्यांत पुढे पोरं असतात, कारण मागच्या दादाला ठाऊक असतं की पोरगं लवकर सुटेल. अशा दादासाठी २०१५ च्याच कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड आहे. ते कलम वापरलं गेल्याची बातमी पहिल्या पानावर क्वचित दिसते. पोराची धिंड काढल्याची चित्रफीत मात्र सगळीकडे फिरते. २०२२ मध्ये देशभरात अल्पवयीनांवर तीस हजारांहून थोडे अधिक गुन्हे नोंदले गेले. त्याच वर्षी भारतीय दंडविधानाखाली साडेपस्तीस लाखांहून जास्त गुन्हे नोंदले गेले होते.

या सगळ्या काळात एक माणूस मात्र कायद्याच्या बाहेरच उभा राहिला: ज्याचं कुणी गेलं, जिच्यावर अत्याचार झाला, ती व्यक्ती. बालमंडळाची चौकशी बंद दाराआड होते आणि ते योग्यच आहे. पण आपल्या मुलाला मारणाऱ्याचं पुढे काय झालं, त्याला काही उमगलं का, हे आईबापांना सांगायची कसलीही रीत आपण बसवली नाही. लोक वय खाली आणा म्हणतात त्यामागे ही उपेक्षाही असते, असं मला वाटतं.

वय कितीवर आणायचं हे संसद पुन्हा कधीतरी ठरवायला बसेल. पुढचा भयंकर गुन्हा घडला की बसेलच. त्याआधी आपल्या आमदाराला तीन प्रश्न विचारा. आपल्या जिल्ह्यात परिविक्षा अधिकाऱ्यांच्या मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती? निरीक्षणगृहात आठवड्यातून किती दिवस शिक्षक येतो? आणि तिथून सुटलेल्या मुलाच्या घरी त्यानंतर वर्षभरात कुणी एकदा तरी गेलं होतं का?