वृत्तपत्रातील उमेदवारी

अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाने १९०८ साली वृत्तविद्येची शाळा काढली, तेव्हा अध्यापन सुरू झाले त्याच दिवशी, १४ सप्टेंबरला, विद्यार्थ्यांच्या हातून निघणाऱ्या वृत्तपत्राचा पहिला अंकही बाहेर पडला. शाळेचे संस्थापक वॉल्टर विल्यम्स स्वतः महाविद्यालयाची पायरी चढलेले नव्हते. छापखान्यातील उमेदवारीपासून ते संपादकपदापर्यंत पोहोचले होते. हा व्यवसाय हाताने केल्याखेरीज येत नाही, हे त्यांना कोणी पटवून द्यावे लागले नसावे.

आपल्याकडे रानडे इन्स्टिट्यूट या नावानेच ओळखला जाणारा पुणे विद्यापीठाचा विभाग १९६४ मध्ये सुरू झाला, दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ मध्ये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर तर प्रत्यक्ष कामाचा अनुभव श्रेयांकांतच धरला जाऊ लागला. कागदावर सारे ठीक आहे. प्रश्न आहे तो वृत्तपत्राच्या कचेरीत गेल्यावर विद्यार्थ्याला शिकवतो कोण, हा.

जामिनावर सुटका म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, पोलीस कोठडी निराळी आणि न्यायालयीन कोठडी निराळी, हे भेद पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात उरकतात. परंतु एखाद्या माणसाची अब्रू त्यांवर अवलंबून असते. अंक लावण्याच्या घाईत नवशिक्याने ‘गुन्हेगार’ असे लिहावे, उपसंपादकाने ते खोडून ‘आरोपी’ करावे आणि का केले ते दोन वाक्यांत सांगावे. मग तो विद्यार्थी हा भेद जन्मभर विसरत नाही. आज ही दोन वाक्ये सांगायला कोणाला सवड नाही. अनेक कचेऱ्यांत मुद्रितशोधकाची जागाच उरलेली नाही. उमेदवाराकडे येतात ती प्रसिद्धिपत्रके. ती त्याने उतरवायची आणि संकेतस्थळावर चढवायची. चूक झाली तर ती वाचकांपुढे होते, आणि ती दाखवून देणारा भेटतोच असे नाही.

त्यात हे काम पुष्कळदा बिनपगारी. नवशिक्यामुळे कामाला हातभार लागण्याऐवजी व्याप वाढतो, असे संपादक म्हणतात. ते खोटे नाही. मात्र मग त्याच नवशिक्याला रात्रपाळीला का बसवले जाते, हे कोडे उलगडत नाही! आयटीआयमधून कारखान्यात जाणाऱ्या शिकाऊ फिटरला १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने विद्यावेतनाचा हक्क दिला. गडचिरोलीहून वा बीडहून पुण्यात आलेल्या विद्यार्थ्याने मात्र खोलीचे भाडे आणि खाणावळीचे पैसे भरून दोन-तीन महिने फुकट राबायचे. ज्याच्या घरून पैसे येतात तोच टिकतो. पुढे वार्ताहर होतो तोही बहुधा तोच, आणि मग शेतमजुराच्या वस्तीवरची बातमी दूरध्वनीवरून घेतली जाते.

शेवटी हाती पडते प्रमाणपत्र. त्यावर हजेरीचे दिवस असतात. विद्यार्थ्याचा किती मजकूर तपासला गेला आणि तो कोणी तपासला, याचा रकाना सहसा नसतो. महाविद्यालयांनी तो मागून घ्यावा, आणि दिलेल्या विद्यावेतनाचा आकडाही त्याच कागदावर लिहवून घ्यावा.