पाठीवरचे ओझे आणि पायाखालची वाट

तुळजापूरची पायी वारी असो की कळसूबाईच्या शिड्या. उतारवयात दोन्हींसाठी एकच पाठपिशवी निवडताना काय पाहावे?

कोजागरी पौर्णिमेच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरला जाणारा रस्ता रात्रभर जागा असतो. शहरातून, जिल्ह्यातून आणि शेजारच्या कर्नाटकातूनही भाविक पायी निघतात. अंतर सुमारे ४५ किलोमीटर. बहुतेक वाट सपाट माळाची, आणि शेवटी बालाघाटाची चढण. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, गिरणीत नोकरीला होते तेव्हापासून ही वाट चालत आले आहेत.

दोन वर्षांपूर्वी घाटात ते पडले. कारण साधे होते. एका खांद्यावर लटकवलेली कापडी पिशवी, ते चपलेचा बंद नीट करण्यासाठी वाकले तेव्हा, झोक्यासारखी पुढे आली आणि तिच्याबरोबर त्यांचाही तोल गेला. गुडघा सोलवटला, मनगट सुजले. मोठी इजा झाली नाही. परंतु पुढच्या वर्षी घरात वाद सुरू झाला.

“अप्पा, आता गाडीने जाऊ. नाहीतर निदान पिशवी तरी माझ्याकडे द्या,” मी म्हणाले.

“पिशवी तुझ्याकडे दिली आणि गर्दीत तू पुढे गेलीस, म्हणजे? माझं पाणी, माझी गोळी, माझी चादर माझ्याजवळ पाहिजे,” ते म्हणाले.

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. वृद्धांच्या हातातले ओझे आपण प्रेमाने काढून घेतो, तेव्हा त्यांच्या गरजेच्या वस्तूही त्यांच्यापासून दूर नेतो. मग आम्ही आधी डॉक्टरांकडे गेलो. रक्तदाब आटोक्यात होता, हृदयाची तपासणी समाधानकारक आली. हाडांची घनता मात्र कमी निघाली. चालायला हरकत नाही, भार दोन्ही खांद्यांवर सारखा आणि थोडा असावा, कमरेतून वाकून ओझे उचलू नये, असा सल्ला मिळाला. त्याच सुमारास नातवाने आजोबांना हिवाळ्यात कळसूबाईला नेण्याचा बेत मांडला. दोन्हींसाठी चालेल अशी एकच पिशवी हवी, असे ठरले. त्या शोधात जे शिकलो, ते इथे मांडते आहे.

पडशीतले शहाणपण

आपल्याकडच्या जुन्या वाटसरूंची पडशी आठवून पाहावी. मध्ये तोंड आणि दोन टोकांना दोन कप्पे. एक छातीवर, एक पाठीवर. भार पुढेमागे विभागला जाई. एका बाजूच्या ओझ्याने शरीर तिरके होते आणि कण्याच्या एकाच बाजूचे स्नायू ताणले जातात, हे त्या पडशीच्या रचनेला ठाऊक होते. आजची चांगली पाठपिशवी तेच काम निराळ्या रीतीने करते. तिचा कमरपट्टा भाराचा मोठा वाटा खांद्यांवरून काढून कटीच्या हाडांवर ठेवतो. कटी आणि मांड्या हे शरीराचे बळकट भाग. मान आणि खांदे त्या मानाने नाजूक. म्हणून ज्येष्ठांनी कमरपट्टा नसलेली पिशवी लांबच्या वाटेसाठी घेऊ नये.

माप पाठीचे घ्यावे

दुकानात आपली उंची पाहून पिशवी पुढे केली जाते. उंची सारखी असली तरी पाठीची लांबी सारखी असतेच असे नाही. मान खाली घातली की मानेच्या तळाशी एक हाड ठळकपणे वर येते. तिथपासून, दोन्ही हात कमरेवर ठेवल्यावर अंगठ्यांना जोडणारी जी आडवी रेषा कल्पिता येते, तिथपर्यंतचे अंतर म्हणजे पाठीचे माप. शिवणकामाच्या टेपने घरीच घेता येते. पाठीला बाक आला असेल, तर नेहमीच्या उभे राहण्याच्या स्थितीतच माप घ्यावे. ताठ उभे करून घेतलेले माप तासाभरात खोटे ठरते.

पिशवी रिकामी घालून पाहू नये. तीत चार-पाच किलो वजन भरून घालावी. आधी कमरपट्टा आवळावा, त्याचा मध्य कटीच्या हाडाच्या वरच्या कडेवर यावा. नंतर खांद्याचे पट्टे, आणि शेवटी छातीवरचा आडवा बंद, गळपट्टीच्या हाडाखाली दोन-तीन बोटांवर. श्वास भरून घेताना तो काचता कामा नये. ज्या वेशात चालायचे, त्याच वेशात पिशवी घालून पाहावी. लुगड्याच्या निऱ्यांची गाठ किंवा धोतराचा काच पट्ट्याखाली आला, तर पाच किलोमीटरवर त्याचा वळ उठतो.

हाताला मुंग्या येणे, बोटे बधिर होणे किंवा हात उचलताना कमजोरी जाणवणे ही लक्षणे हलकी समजू नयेत. खांद्याच्या पट्ट्याखाली हाताकडे जाणाऱ्या नसा दाबल्या गेल्याची ती खूण असते. पिशवी लगेच उतरवावी, आणि त्रास टिकला तर डॉक्टरांना दाखवावे.

चालण्याची आणि चढण्याची

या दोन कामांच्या गरजा एकमेकींशी भांडतात. सोलापूरच्या उकाड्यात सपाट वाटेवर चालताना पाठीला वारा लागावासा वाटतो. त्यासाठी काही पिशव्यांना पाठीपासून दूर राहणारी ताणलेली जाळी असते. परंतु तेवढाच भार मागे सरकतो आणि चढणीवर माणसाला मागे ओढतो. कळसूबाई १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. बारी गावातून वर जाताना लोखंडी शिड्या चढाव्या लागतात. तिथे पिशवी पाठीला चिकटून हवी, तिची रुंदी खांद्यांबाहेर जाऊ नये, वर पाहताना डोके झाकणाला अडू नये आणि बाहेर काहीही लोंबकळू नये. लटकणारी बाटली किंवा चपलेचा जोड शिडीच्या कठड्यात अडकतो.

दोन्ही साधायचे, तर मधला मार्ग घ्यावा. पाठीला लागून बसणारी, पण गादीत उभे खोलगट पन्हळ असलेली पिशवी पाहावी. पन्हळातून थोडी हवा खेळते. बाजूंना आवळण्याचे पट्टे असावेत, म्हणजे सामान कमी असले तरी ते आत हलत नाही. घरातील तरुणांना दोर लावून प्रस्तरारोहण करायचे असेल, तर कमरपट्टा काढता येणारा हवा, कारण तिथे कमरेवर दोराचा साज असतो. हिमालयात बर्फाची कुऱ्हाड अडकवण्यासाठी ठेवलेला बाहेरचा फासा आपल्याकडे काठी अडकवायला उपयोगी पडतो. शिडीवर दोन्ही हात मोकळे लागतात. उतरणीवर मात्र गुडघ्यांवर जोर येतो, तेव्हा काठी पुन्हा हाती घ्यावी.

कापड पाहण्याची नजर

नवी पेठेतल्या एका दुकानात पिशवीच्या चिठ्ठीवर ‘४२० डेनियर’ असे लिहिले होते. अप्पांना हा विषय पाठ. “सुताचा नंबर वाढला की सूत बारीक होतं; डेनियर वाढलं की धागा जाड होतो. दोघांचा हिशेब उलटा,” त्यांनी नातवाला समजावले. ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. तळाला, जिथे पिशवी दगडावर घासते, तिथे ४०० च्या पुढचे कापड बरे. वरच्या भागात २०० च्या आसपासचे पुरते आणि वजनही वाचते. अप्पांनी पिशवी उलटी केली, खांद्याचा पट्टा जिथे जोडलेला असतो तिथली शिवण नखाने ताणून पाहिली, आणि तीन पिशव्या बाजूला सारल्या. कापड सहसा दगा देत नाही, शिवण देते, असे त्यांचे मत. चेनचा गोंडा मोठा असावा. संधिवाताच्या बोटांना बारीक चेन आणि घट्ट चाप उघडत नाहीत; दुकानातच चार वेळा उघडून-मिटून पाहावे.

शंभर ग्रॅमचा प्रश्न

दिवसभराच्या चालण्यासाठी पाठीवरचे एकूण ओझे शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नसावे, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. गुडघे, कणा किंवा हृदयाचा विकार असल्यास मर्यादा डॉक्टरांनी ठरवावी. अप्पांचे वजन ५८ किलो. म्हणजे मर्यादा ५.८ किलो. आम्ही स्वयंपाकघरातील काट्यावर एकेक वस्तू ठेवली. ३० लिटरची पिशवी १.१ किलो, दोन लिटर पाणी २ किलो, खाणे अर्धा किलो, पावसाचा अंगरखा आणि कपडे ७०० ग्रॅम, औषधे, विजेरी व किरकोळ ४०० ग्रॅम. बेरीज ४.७. त्यांची सोलापुरी चादर १.२ किलो भरली. एकूण ५.९.

“शंभर ग्रॅमसाठी चादर काढायची?” अप्पांनी विचारले.

चादर काढली नाही. तुळजापूरच्या वाटेवर त्या दिवसांत ठिकठिकाणी पाणी मिळते. तिथे एक लिटर भरून निघाले तरी पुरते. एक किलो कमी झाला, चादर राहिली. कळसूबाईला मात्र दोन लिटर पाणी हवेच, तेव्हा चादर घरी राहील. पिशवी तीच, भरण मात्र वाटेप्रमाणे बदलायचे. पिशवी ४५ लिटरची घेतली असती, तर रिकामी जागा पाहून आम्ही ती भरलीच असती. एका दिवसाच्या वाटेला ज्येष्ठांसाठी २५ ते ३० लिटर पुरेसे आहेत.

सपाट वाटेवर जड वस्तू पाठीला लागून, मध्यभागी ठेवाव्यात. चढणीवर तोल सांभाळायचा असल्याने त्या थोड्या खाली घ्याव्यात. पिशवी जमिनीवरून झटक्याने उचलू नये. हाडे ठिसूळ झालेल्यांना कमरेतून वाकून ओझे उचलताना मणक्याचे हाड दबण्याचा धोका असतो. ती कट्ट्यावर किंवा खुर्चीवर ठेवून, पाठ करून पट्ट्यांत हात घालावेत.

सांभाळणाऱ्यांसाठी

औषधे वरच्या कप्प्यात, नेहमी एकाच जागी असावीत. अंधारातही हात तिथेच जायला हवा. मधुमेहींनी साखर किंवा ग्लुकोज कमरपट्ट्याच्या खिशात ठेवावे, पिशवी न उतरवता मिळेल असे. इन्सुलिन बाहेरच्या, उन्हात तापणाऱ्या कप्प्यात ठेवू नये. एका कागदावर नाव, विकार, चालू औषधे आणि घरचा दूरध्वनी लिहून तो प्लास्टिकमध्ये घालून ठेवावा. छातीत दडपण, दरदरून घाम किंवा चक्कर आल्यास चालणे तिथेच थांबवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

नवी पिशवी थेट वाटेवर नेऊ नये. अप्पांनी पहिला आठवडा ती रिकामीच घालून सिद्धेश्वर तलावाच्या काठाने फेऱ्या मारल्या. पुढे दर आठवड्याला पाण्याची एक लिटरची बाटली वाढवली. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे वेगळे वजन मोजावे लागले नाही. चौथ्या आठवड्यात त्यांनी घरचा जिना चढून-उतरून पाहिला. कुठे काचते, कुठे ढिले होते, ते घराजवळच कळले.

गेल्या कोजागरीला आम्ही दोघे पायी गेलो. घाटाच्या पायथ्याशी अप्पा एका कट्ट्याला टेकले, पिशवी कट्ट्यावर ठेवली, वरच्या कप्प्यातून गोळी काढून घेतली आणि चपलेचा बंद बसून बांधला. मी हात पुढे केला, तेव्हा त्यांनी माझ्या हातात पाण्याची रिकामी बाटली दिली. “एवढी भरून आण,” म्हणाले. पिशवी त्यांनी स्वतःच पाठीवर घेतली.

कळसूबाईचा निर्णय डॉक्टरांच्या पुढच्या तपासणीनंतर व्हायचा आहे. तोवर पिशवी दाराजवळच्या खुंटीवर आहे, आणि सकाळच्या फेरीला ती रोज तलावावर जाते.